एक पंगत, चार चुली

"कवय उनीस वं?"

कुंपणापलीकडून आवाज आला तेव्हा मी रिकाम्या बॅगा उन्हात पालथ्या घालत होते. आमच्या आणि आक्कांच्या घरामधलं कुंपण डाळिंबाच्या तारांचं आहे. तेल्या रोगाने बाग गेली, झाडं उपटली, बांबू चुलीत गेले आणि उरलेल्या तारा दोन्ही घरांनी मिळून इथे ओढल्या. आता त्यांवर गुळवेल चढली आहे. नामपुरातल्या निम्म्या बातम्या बाजार समितीच्या फाटकावर कळतात, उरलेल्या निम्म्या या गुळवेलीच्या पानांतून येतात.

"काल रात्री आले, आक्का. मालेगावहून गाडी मिळेपर्यंत अकरा वाजले."

"मी परवा आले पंढरीहून. तू जपानला, मी वारीला. गल्लीत बोलायला कोणी उरलंच नव्हतं. लोकांनी दिवस कसे काढले असतील?"

आक्कांच्या तोंडी दोन भाषा आहेत. नवल वाटलं किंवा राग आला की अहिराणी. एरवी माझ्याशी शाळेतली मराठी, कारण त्यांच्या दोन्ही मुलांना मी इतिहास शिकवला आणि मास्तरणीशी बोलताना व्याकरण सांभाळावं लागतं असं त्यांचं मत आहे. हातात सूप होतं, सुपात बाजरी. पण बाजरी निवडायची नव्हती हे मला कळत होतं.

"वरच्या आळीत म्हणतात, तुम्ही तठे बेडूक खादात."

"बेडूक नाही हो. कांदा खाल्ला."

सूप थांबलं. "कांदा? मन्ही माय! चाळीत चाळीस क्विंटल पडेल शे, आणि कांदा खायला जपानला गेलीस?"

"त्याचीच तर गोष्ट आहे. पण पहिल्यापासून ऐकाल तर सांगते."

"मला कुठे गाडी पकडायची आहे?" म्हणत त्यांनी सूप तारेवर टेकवलं.

लेक-जावई टोकियोत, निशिकासाईला राहतात. ओसाकाला २०२५ चा एक्स्पो भरला होता, त्याचं निमित्त करून लेकीने आमची दोघांची तिकिटं काढली. निशिकासाईत आपली माणसं एवढी, की संध्याकाळी बागेत फिरताना सटाण्याला आल्यासारखं वाटतं. तो सगळा भाग एदोगावा नावाच्या प्रभागात येतो. तिथे २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. भारतातून गेलेला माणूस जपानात निवडून यायची ती पहिलीच वेळ.

"मग तठे बी बॅनर लागले का, शुभेच्छुक म्हणून?" आक्कांनी विचारलं.

"एवढे नसतील. पण ऐका ना. एक्स्पो पाहिला, दुसऱ्या दिवशी नारा नावाच्या गावाला गेलो. तिथे हरणं मोकळी फिरतात, वाकून नमस्कार करतात आणि बिस्किट मागतात. परत येताना गाडी त्सुरुहाशी स्टेशनात थांबली. दार उघडलं आणि हे ताडकन उठून उभे राहिले."

"काय झालं जिभाऊला?"

"वास, आक्का. कोळशावर मांस भाजल्याचा. स्टेशनाच्या फलाटावर! मालेगावात संध्याकाळी शीगकबाबच्या गाड्या लागल्या की येतो ना, तसा. हे म्हणाले, आपण परत आलो की काय?"

आणि गंमत अशी, की हा वास तिथल्या सरकारच्या दप्तरी आहे. जपानच्या पर्यावरण खात्याने २००१ मध्ये देशभरातून जपण्यासारखे शंभर सुवास निवडले. त्यात फुलांचे आहेत, समुद्राचे आहेत, जुन्या जंगलांचे आहेत आणि त्याच यादीत त्सुरुहाशी स्टेशनाभोवतीची ही गजबज, भाजल्या मांसाच्या वासासकट, बसली आहे.

"सरकार वासाची यादी करतं?" आक्का म्हणाल्या. "आमच्याकडे गुऱ्हाळ लागलं की मोसमच्या काठाला वास सुटायचा तो. कोणी लिहून घेतला का? गुऱ्हाळं गेली, वास गेला." मग एकदम भानावर येऊन, "पुढे सांग. उतरलात?"

उतरलो. बोळ एवढे अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने श्वास आत घ्यायचा. दारादारांत कोरियन लोणच्याच्या बरण्या आणि आत मेजामेजावर जाळी. लोक कच्चं मांस समोर घेऊन बसलेले आणि चिमट्याने स्वतःच भाजत होते.

"स्वतः?"

"स्वतः. त्याला यकिनिकु म्हणतात. यकि म्हणजे भाजलेलं, निकु म्हणजे मांस. हॉटेलवाला कापून देतो, भाजायचं आपण."

"मग पैसे कशाचे घेतो तो?"

हाच प्रश्न आमच्या ह्यांनी जावयाला विचारला होता, शब्दही हेच. नामपूरच्या माणसाला फसवणं सोपं नाही. जावई म्हणाला, पप्पा, पैसे विस्तवाचे. यावर हे गप्प बसले. आक्काही क्षणभर गप्प बसल्या.

"पण हे त्यांच्यात पहिल्यापासून आहे का वं, असं मांस खाणं?"

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, नाही हो आक्का. इसवी सन ६७५ मध्ये तेन्मू नावाच्या सम्राटाने फर्मान काढलं, की गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायची नाही. तेही शेतीच्या हंगामापुरतं.

"म्हणजे चातुर्मासच की!"

"अगदी. पुढे तशी फर्मानं पुन्हा पुन्हा निघाली, बुद्धाच्या शिकवणीचंही वजन पडलं आणि लोकांनी चार पायांचं खाणं बरंच सोडलं. मासे मात्र चालायचे. आणि पळवाटा होत्याच. रानडुकराला डोंगरातला देवमासा म्हणायचे, म्हणजे तो मासा झाला. सशाला पक्ष्यांत मोजायचे."

"आणि अंड्याला शाकाहारी," आक्का तुटकपणे म्हणाल्या. त्या बोलण्यात काहीतरी खुपलेलं होतं. मी लक्षात ठेवलं, विचारलं नाही. कुंपणावरच्या गप्पांत विचारल्याने कमी कळतं.

"मग मोडला कोणी हा नेम?"

"राजानेच. मेइजी सम्राटाने १८७२ मध्ये आपण बीफ खाल्लं असं जाहीर केलं. गोऱ्या लोकांच्या बरोबरीने उभं राहायचं तर त्यांच्यासारखं खायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं."

आक्कांनी बोटं मोजली. मोजता मोजता सोडून दिलं. "बाराशे वर्षं वं! बाराशे वर्षांची माळ आणि तोडली एका जेवणात."

पण हे जाळीवरचं भाजणं राजाच्या ताटातून आलेलं नाही. ते गरिबाघरून आलं. कोरियावर १९१० ते १९४५ जपानचं राज्य होतं. तिकडची माणसं पोटासाठी ओसाकाच्या कारखान्यांत आली आणि त्सुरुहाशीच्या आसपास वस्ती करून राहिली. लढाई संपली, जपानची राखरांगोळी झालेली, काम नाही, रेशन नाही. खाटकाकडे आतडी-वजडी पडून असायची, जपानी माणूस त्याला हात लावायचा नाही. ती ह्या कोरियन माणसांनी आणली, धुतली, लसूण-तिखटात घोळली आणि मातीच्या शेगडीवर भाजून विकली. तिथे आतड्या-वजडीला होरुमोन म्हणतात. ओसाकाच्या बोलीत 'होरु' म्हणजे फेकणं, म्हणून 'फेकून द्यायची वस्तू' असा त्याचा अर्थ सांगतात. जाणकार यावरून अजून भांडतात, पण त्सुरुहाशीच्या गल्लीत कोणाला विचारलं तर हेच सांगेल.

"वजडी," आक्का हळूच म्हणाल्या. "माळ घालायच्या आधी माझी सासू करायची. परसात, बाहेरच्या चुलीवर. घरात नाही आणायची. भांडी वेगळी, पळी वेगळी, मीठही वेगळं." डोळे कुठेतरी लांब गेले होते. "धुवायलाच अर्धा दिवस जायचा."

"ती त्यांची शेगडीसुद्धा आपल्यासारखीच. शिचिरिन म्हणतात. रिन म्हणजे त्यांचं जुनं नाणं, पैशाहून धाकटं. सात रिनचा कोळसा घातला की स्वयंपाक उरकतो, म्हणून शिचिरिन, असं सांगतात."

"आणि धूर? चार मेजांवर चार शेगड्या पेटल्या तर घर गिरणीसारखं होईल."

हे मी पुढच्या हॉटेलात पाहिलं. धूर वर जातच नाही. जाळीच्या कडेनेच खाली ओढला जातो आणि जमिनीखालच्या नळातून बाहेर पडतो. नागोयाच्या एका कंपनीने १९८० मध्ये ही बिनधुराची शेगडी काढली. त्याआधी यकिनिकु म्हणजे कामावरून सुटलेल्या पुरुषांचं, अंगाला वास लागून घरी जायचं जेवण. धूर खाली गेला आणि बायका-मुलं आत आली.

"शहाणा असला पाहिजे तो माणूस," आक्कांनी निकाल दिला. "आमच्याकडे धूर कुठे न्यायचा ते बाप्यांना कधी सुचलं? त्यांच्या डोळ्यांत जात नव्हता ना."

आता मूळ अडचण सांगते, म्हटलं. त्सुरुहाशीच्या त्या दुकानांत एका मेजाला एकच जाळी. माणसं चार. लेक शाकाहारी, तिच्या आजीवर गेली आहे. आम्ही दोघं कोंबडी-बकरा खातो, त्यापलीकडे नाही. आणि तिथे यकिनिकु म्हटलं की आधी बीफ. कारुबि म्हणजे बरगडीजवळचं, तान म्हणजे जीभ, हारामि म्हणजे पोटातला पडदा. आमचे हे 'हारामि' ऐकून वेटरकडे रोखून बघायला लागले, त्याला वाटलं काहीतरी चुकलं, तो बिचारा तीनदा वाकला.

आक्का तारेला धरून हसल्या. गुळवेल हलली.

"मग एकाच जाळीवर सगळ्यांचं?"

"तेच ना. लेकीने तीन शब्द पाठ करून घेतले होते. ग्यू म्हणजे बीफ, बुता म्हणजे डुक्कर, तोरी म्हणजे कोंबडी. पण तोरी मागवून काय उपयोग? जाळी तीच, रस तोच. लेक म्हणाली, मम्मी, नंबाला चला, तिथे माझ्या ओळखीचं स्वस्तातलं आहे. तुमची सगळी सोवळी-ओवळी तिथे मिटतील."

नंबा म्हणजे ओसाकाचा गजबजलेला मध्यभाग. तिथे एका गल्लीत ते हॉटेल. आत गेलो आणि बघतच राहिले. लांब फळीसारखं मेज आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक शेगडी. पाटीएवढी. ज्याची त्याची. ज्याच्या त्याच्या चटण्या, ज्याचं त्याचं पाणी. चुलीपुढे माणूस बसतो तसा जो तो आपापल्या विस्तवापुढे.

"एकेकाला एकेक चूल?"

"एकेकाला एकेक चूल. यकिनिकु लाइक नावाच्या मंडळींनी २०१८ मध्ये टोकियोत शिंबाशीला असं पहिलं दुकान काढलं, मग तीच टूम पसरली. आम्ही गेलो ते त्याच धर्तीचं."

पुढ्यातल्या पडद्यावर चित्रं होती, बोट लावलं की झालं. शंभर ग्रॅम कोंबडी, वाटीभर भात, समुद्री शेवाळाचं सूप आणि कोरियन लोणचं, सगळं मिळून आठशे येनच्या आत. त्या दिवसांत शंभर येनला आपले साठाच्या आसपास रुपये पडत होते. म्हणजे ताट पावणेपाचशेला. जपानात, आक्का! तिथे टॅक्सीत नुसतं बसलं तरी यातले बरेचसे जातात. वर टीप द्यायची पद्धत नाही. दिली तर माणूस मागे धावत येऊन परत करतो म्हणे.

"आणि चिमटा?"

मला कळलं प्रश्न कुठून आला. "चिमटा कच्च्याचा वेगळा. त्याने फक्त कच्चं उचलून जाळीवर ठेवायचं. भाजलेलं उचलायचं ते जेवायच्या काड्यांनी. एकाची दुसऱ्यात गल्लत केली तर शेजारचा अनोळखी माणूससुद्धा हात वर करून थांबवतो."

"म्हणजे सोवळं!"

"त्यांचं सोवळं जंतूंचं. २०११ मध्ये कच्चं मांस खाऊन तिथे माणसं दगावली. तेव्हापासून कायदे कडक झाले. पुढच्या वर्षी कच्ची कलेजी विकायलाच बंदी आली."

"सोवळं ते सोवळं. कारण काहीही सांगा," आक्का म्हणाल्या. मग आवाज खाली आला. इकडे तिकडे पाहिलं. गल्लीत कुत्र्याशिवाय कोणी नव्हतं, तरी पदर तोंडाशी धरला. "खरं सांग. जावयाने काय खाल्लं? मोठ्याचं?"

हा प्रश्न येणार हे मला विमानात बसल्यापासून माहीत होतं. उत्तर मात्र तेव्हाच सुचलं.

"आक्का, आम्ही ओळीने बसलो होतो. आधी हे, मग मी, मग लेक, शेवटी जावई. मी माझ्या शेगडीकडे बघत होते. भाजताना नजर हलवली तर कोंबडी करपते."

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. कोपऱ्यातून हसू आलं. "आणि लेकीने बघितलं नाही?"

"तिच्या शेगडीवर भोपळा होता. भोपळ्याला फार लक्ष द्यावं लागतं."

तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात आलं ते आक्कांना सांगू की नको असं झालं होतं, तरी सांगितलंच. आपल्याकडे चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं. 'त्यांनी चूल वेगळी मांडली' असं म्हणताना आपण आवाज असा खाली आणतो, जसं कोणी गेलंय. आणि तिथे चार चुली एका मेजावर पेटलेल्या, कोणाच्या ताटात काय याची चौकशी नाही, आणि चौघं एकत्र जेवतो आहोत. लग्नाला सहा वर्षं झाली. पण जावयाशी हे इतके मोकळे बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा. शेजारी बसून. समोरासमोर नाही, ताटात डोकावणं नाही. दोघांची नजर विस्तवावर. विस्तवापुढे माणूस खरं बोलतो.

पण लगेच सांगितलं हेही, की हॉटेलवाल्याने ह्या चुली आमच्यासारख्यांसाठी मांडलेल्या नव्हत्या. आमच्या चौघांपलीकडे सगळे एकेकटे. कामावरून सुटलेली एक पोरगी, कानात यंत्र. एक सत्तरीचे आजोबा, जाळीवर एका वेळी एकच तुकडा ठेवायचे, तो खाऊन झाला की दुसरा. जपानच्या २०२० च्या जनगणनेत शंभरातली अडतीस घरं एका माणसाची निघाली. एकट्याने यकिनिकु खायला गेलं तर एवढी मोठी जाळी कोणासाठी पेटवायची, म्हणून ही एकेकट्याची शेगडी. मेज एक आहे, पण पंगत नाही.

"घरात एकच माणूस," आक्का पुटपुटल्या. "मग भाकरी कोणाला वाढायची?"

थोडा वेळ दोघी गप्प. मग त्यांनाच आठवलं. "आणि कांदा?"

हां, कांदा! लेकीने भाज्यांचं ताट मागवलं. भोपळ्याच्या फोडी, मक्याच्या कणसाचा तुकडा, अळिंबी आणि कांद्याच्या जाड चकत्या. जाळीवर कडी सुटू नये म्हणून प्रत्येक चकतीतून आरपार एक काडी टोचलेली. आमच्या ह्यांनी तो कांदा उचलला, उलटसुलट केला, नाकाशी नेला, नखाने पापुद्रा काढून बघितला. बाजार समितीत व्यापारी करतो तसं. मग म्हणाले, नुसत्या कांद्याचं ताट केवढ्याला? लेकीने बघून सांगितलं, चार चकत्या, दोनशे येन. म्हणजे आपले एकशेवीस रुपये.

"चार चकत्यांना?"

"एका कांद्यात चार चकत्या. किलोत सहा-सात कांदे बसतात. ह्यांनी तोंड पुसायच्या कागदावर हिशेब मांडला. किलोला आठशे. क्विंटलला ऐंशी हजार."

आक्कांनी तारेला दोन्ही हातांनी धरलं.

"आपल्याकडे किलोला वीस मिळाले तरी आपण पेढे आणतो. हे त्या कागदाकडे बघत बसले. कोंबडी करपली. म्हणाले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली तेव्हा आपण रस्त्यावर बसलो होतो, ती मे उजाडल्यावर उघडली. एक चकती जरी इथे येऊन पोहोचली असती. जावई म्हणाला, पप्पा, त्यात जागेचं भाडं आहे, पगार आहे, शेगडी आहे. हे म्हणाले, असेल. आपल्या किलोत ते काहीच नसतं, फक्त आपण असतो."

जावयाने मग मोबाइलवर चित्रं दाखवली. ओसाकाजवळ आवाजी नावाचं बेट आहे, तिथला गोड कांदा जपानभर नावाजलेला. शेताच्या कडेला झोपड्या, चहूबाजूंनी उघड्या, आणि पातीने बांधून कांद्याच्या जुड्या आढ्याला टांगलेल्या. वारा आरपार. हे एकदम ओरडले, अरे ही तर आपली चाळ! सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. त्या सत्तरीच्या आजोबांनी मात्र मान डोलावली. काय कळलं त्यांना देव जाणे. असतील शेतकरी.

"चव कशी होती?"

"गोड. तिखटपणा नावाला. आपल्या उन्हाळ कांद्याचा ठसका नाही. पण निखाऱ्यावर बाहेरून काळा झाला, आतून काचेसारखा, वर मीठ-लिंबू पिळलं... आक्का, आपण आयुष्यभर कांदा पिकवतो, भाजतो ते काळ्या मसाल्यापुरता. नुसता कांदा, मान म्हणून, कोणी ताटात वाढला होता का कधी?"

"मी काय बोलू? कांदेनवमीला सोडला, आता कार्तिकीपर्यंत नाव नाही." मग सूप उचललं, खाली ठेवलं, आणि इतका वेळ जे गुळवेलीआड होतं ते बाहेर आलं.

नातवाला व्यायामशाळेत कोणीतरी सांगितलं, रोज चार अंडी खा. सुनेने अंडी उकडली. उकडली ती ज्या पातेल्यात आक्कांचं दूध तापतं त्या पातेल्यात. सुनेला माहीत नव्हतं, आक्का वारीला निघण्याच्या गडबडीत होत्या, पातेलं अंगणात फेकलं गेलं. पातेल्याबरोबर चार शब्दही. मुलगा म्हणाला, मग वर माडीवर आम्ही आमची चूल मांडतो. आक्का पंढरीला गेल्या आणि आल्या. विठोबाला काय सांगितलं ते सांगितलं नाहीत. पण तेव्हापासून सासू-सुनेत विस्तव जात नाही.

"तुझ्या जपान्यांचं बरं आहे," म्हणाल्या. "शेगडी छोटी, भांडण छोटं." आणि सूप घेऊन आत गेल्या. बाजरीचा एक दाणा निवडला नव्हता.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्या कुंपणाशी आल्या नाहीत. मला वाटलं मीच जास्त बोलले. मास्तरणीची खोड जात नाही.

दिव्याची अवस तोंडावर आली. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार. नामपुरात त्या दिवशी कोंबडीच्या दुकानांपुढे रांग असते, माळकरी सोडून सगळे रांगेत. संध्याकाळी परसात गेले तर पलीकडून कोळशाचा वास आला. गुळवेलीची पानं बाजूला केली. आक्कांच्या मागच्या ओट्यावर, न्हाणीजवळ, एक जुनी मातीची शेगडी मांडलेली. धाकटी सून तिच्यापुढे उकिडवी बसून फुंकर घालत होती आणि कोळसे काही पेट घेत नव्हते. पावसाने ओले झाले असावेत. नातू मोबाइलचा उजेड धरून उभा. ताटलीत कोंबडीचे तुकडे हळद-तिखट लावून तयार.

मागचं दार उघडलं. आक्का बाहेर आल्या. हातात खापराचा तुकडा होता. आखाजीला मांडे करताना तडकलेल्या खापराचा. त्यावर लाल निखारे. अजून भाकरीला त्यांची चूलच लागते, गॅसवरची भाकरी त्यांच्या लेखी भाकरी नाही.

त्या सुनेकडे बघत नव्हत्या. सून त्यांच्याकडे बघत नव्हती. आक्कांनी वरूनच, शेगडीला हात न लावता, निखारे ओतले. तडतड झाली. सून पदराने वारा घालू लागली, कोळसे पेटले.

मला वाटलं आता आत जातील. गेल्या नाहीत. खापरात चार निखारे राखून ठेवलेले होते. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ते खापर मांडलं, पाट घेतला आणि कमरेचा चिमटा काढून ज्वारीचं बिबडं भाजायला बसल्या. आपला विस्तव, आपला चिमटा. मध्ये चार हात अंतर. धूर दोन्हीकडचा वर जाऊन एक होत होता.

"आई, बिबड्यावर तेल हवं का?" सुनेने विचारलं, शेगडीकडे बघतच.

"नको. कोरडंच बरं." आणि थोड्या वेळाने, शेगडीकडे न बघता, "तुझी उलट, करपेल ती. जाळीवर ठेवलं की नजर हलवायची नसते."

मी पानं सोडून दिली आणि मागे सरले. पण आक्कांचे कान अजून शाबूत आहेत.

"मास्तरीण," गुळवेलीतून आवाज आला, "चोरून काय बघतीस? उद्या ये, बिबडं राखून ठेवते. आणि जिभाऊला सांग, एका बिबड्याचे एकशेवीस रुपये."